एक्याण्णव इंचांची बाही

धाकटे,

सगळ्यांत आधी आली ती उंचबाई, आणि तीही दिलेल्या वेळेच्या बरीच आधी. दुकानाचं दार आपण वाढवून घेतलं तरी ती अजून वाकूनच आत येते, सवय, दुसरं काय. तिच्यामागून गुदगुलीबाई, मग त्या दोघी बहिणी ज्या एकमेकींशी बोलत नाहीत पण येतात एकाच छत्रीतून, मग बाकीचं सगळं गाण्याचं मंडळ, आणि शेवटी काठी टेकत त्यांना गाणं शिकवणाऱ्या मास्तरीणबाई. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. एक जण तर इस्त्रीच्या टेबलावर चढून बसली (इस्त्री बंद होती, मी आधी हात लावून बघितलं). आणि आल्या आल्या प्रत्येकीनं काय विचारलं असेल? झगे झाले का, हे नाही. माझी तब्येत कशी आहे, तेही नाही. धाकट्या कुठायत, हे विचारलं. मी सांगितलं, दोरे आणायला गेलीय, येईल इतक्यात.

अगं जाऊबाई, आशीर्वाद राहिलेच की. ते घे आधी, पोटभर घे, तुला आणि तुझ्या लेकीला आणि जावयाला. जावयाला थोडे कमी दिलेस तरी चालतील, त्यानं मागच्या वेळी फोन मध्येच ठेवला होता. तुझे गुडघे कसे आहेत? माझे माझ्याशी बरे वागतात. कंबर मात्र वाकताना काय ठरवेल ते तिचं तिलाच ठाऊक. बाकी मी मजेत आहे, खातेपिते, बोलते (बोलण्याबद्दल तुझा पुतण्या सांगेलच). हे पत्र मी स्वतःच्या हातानं लिहिते आहे. आपली नात म्हणाली, मोठी आजी, तू सांग, मी टाइप करते. मी म्हटलं, नको बाई, तुमच्या त्या यंत्रात घातलेलं बाहेर काय होऊन निघेल त्याचा आता भरवसा उरला नाही. चौथीत शाळा सुटली तरी चार ओळी येतात अजून. अक्षर मोठं आलंय त्याला हसू नकोस. कागद भरपूर आहे. ओळी तिरक्या गेल्या असतील तर कागद तिरका धरून वाच.

तर झालं असं, की मास्तरीणबाई आता गाणं सोडणार आहेत. श्वास पुरत नाही म्हणतात. शेवटचा एक कार्यक्रम करायचा, मोठ्या सभागृहात, आणि त्यात सगळ्यांनी एकसारखे लांब झगे घालायचे, निळे, असं त्यांनी मनात धरलं, आणि त्या सरळ आपल्या दुकानात आल्या. पलीकडच्या गल्लीतल्या काचेच्या दाराच्या शिंप्याकडे गेल्या नाहीत, आपल्याकडे आल्या. मला इतका आनंद झाला की मी तुझ्या रिकाम्या खुर्चीला सांगितलं. तुझा पुतण्या, म्हणजे माझा लेक, पुष्कळ दिवस घोकतोच आहे, आई, दुकान बंद कर, तुझ्या एकटीच्यानं होत नाही, खोली भाड्यानं देऊ. मी त्याला म्हटलं, हे झगे बघ नि मग बोल. तोही हट्टी, माझ्यावरच गेलाय. म्हणाला, ठीक आहे, हे काम नीट पार पडलं तर दुकान राहील, नाहीतर मी कुलूप घेऊनच येतो. असा आमचा करार झाला.

मापं घ्यायला हवीत म्हटलं तर बाया म्हणाल्या, मापं जुनीच काढा, तुमच्याकडे आहेत ना, आम्ही काही वाढलो नाही. (वाढल्यात. पण तोंडावर कसं सांगणार?) झग्याला मापं तीनच. उंची, बाही, गळा. आणि ती सगळी आपल्या जुन्या कॉम्प्युटरात होती, जो भावजींनी हौसेनं आणला होता आणि ज्यावर ते स्वतःच्या हातानं खोळ शिवून घालायचे. आठवतं ना, माझ्यासाठी त्यांनी माणूस बोलावून त्यात खास सोय करून घेतली होती? साधा आकडा नको, पाव, अर्धा, पाऊण सगळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे, असा माझा हट्ट. तू तेव्हा म्हणाली होतीस, अहो, बाईला पाव इंच इकडे तिकडे झाला तर ती काय रस्त्यात पडणार आहे का? तू आपली कायम पूर्ण आकडा सांगायचीस. वीस म्हणजे वीस. पंधरा म्हणजे पंधरा. मी सव्वाचौदा, साडेवीस, पावणेतेवीस. अर्धं मंडळ तू मापलेलं, अर्धं मी. हे ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे.

आता तो जुना कॉम्प्युटर धापा टाकतो. म्हणून आपल्या नातीनं, बटणनं, नवा प्रोग्रॅम लिहिला. (हो, अजून तिला बटणच म्हणतो. तिनं लहानपणी गिळलेलं ते शिंपल्याचं बटण अजून हिशेबात आलेलं नाही.) शिकून आल्यावर तिनं केलेलं हे पहिलं काम, आणि ते आजीच्या दुकानासाठी केलं म्हणून मी गल्लीभर सांगून आले होते. नवा प्रोग्रॅम मापं वाचणार, आणि वाचून थेट कटिंगच्या कारखान्याला पाठवणार. तिथलं यंत्र कापड कापणार, बाहीवाली बाह्या शिवणार, दुसरी गळे शिवणार, तिसरी सगळं जोडणार, आणि बांधलेला गठ्ठा आपल्या दारात. मला फक्त चहा करून बसायचं. असा थाट.

पण जुन्या यंत्रातून मापं नव्यात आणायची कशी? दोघांची बोली वेगळी. तर मध्ये एक लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. गाडी चालवणारा नव्हे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं, तेव्हा तिकडे बसून हसू नकोस. हा एक छोटा प्रोग्रॅमच असतो, कोठीतून सामान आणून दारात देणारा. पण आपली कोठी इतकी जुनी की तिच्यासाठी कुणी आता असा ड्रायव्हर बनवत नाही. बटणनं शोधून शोधून कुण्या तिऱ्हाइतानं कधीतरी हौसेनं बनवून ठेवलेला एक मिळवला. ओळख ना पाळख, पण काम करतो म्हणाली. चार बायांची मापं काढून बघितली, अगदी बरोबर. त्या चौघी कोण होत्या? आपल्या गल्लीतल्या. आणि गल्लीतल्या सगळ्या कुणी मापल्या होत्या? तू. पोरीनं तुझ्या गिऱ्हाइकांवर परीक्षा घेतली आणि पास झालो म्हणून टाळी वाजवली. मीही वाजवली.

मग एके दिवशी बाहीवालीचा फोन. म्हणाली, आजी, बाह्या फार लांब वाटतायत हो, काही बाह्या तर माझ्या टेबलावरून खाली उतरून दारापर्यंत जातात. आता तूच सांग, मी इतकी वर्षं दुकान कसं चालवलं? शिवणारीनं मापाला प्रश्न विचारायचा नाही, हा आपला नियम. (माझा. तू फक्त मान हलवायचीस.) मी तिला तोऱ्यात सांगितलं, माप आहे तसं शिव, पाव इंचही इकडे तिकडे करू नकोस, गाणाऱ्यांचे झगे ढगळच असतात. ती बिचारी आहे तसं शिवत गेली. नंतर गळेवालीचाही फोन आला होता, तो मी घेतलाच नाही. मी पडदे धूत होते, पाहुण्या येणार म्हणून.

आणि गठ्ठे आले तेव्हा मी ते उघडलेसुद्धा नाहीत. इथेच चुकलं बघ. मनात आलं, सगळ्या समोर असताना उघडू, एकेकीच्या हातात देऊ, त्यांचे चेहरे बघू. तू असतीस तर आदल्या दिवशीच सुतळी कापून नाक खुपसलं असतंस, आणि मी रागावले असते, आणि सगळं वाचलं असतं.

पहिला झगा काढला तो आपल्या कोपऱ्यावरच्या ठेंगण्या बाईचा. अंगात घातला आणि काय सांगू, जणू ती त्यातच जन्मली. सगळ्या वा वा म्हणाल्या. मी बटणकडे बघितलं, बटणनं माझ्याकडे. दुसरीचाही तसाच, नेटका. मग उंचबाईचा काढला. एक बाही काढली, काढत राहिले, काढत राहिले, एवढी की मला वाटलं चुकून पडद्याचं कापड आलंय. पावणेतेवीसची बाही एक्याण्णव इंच. उंचबाई स्वभावानं गरीब. तिनं सरळ हात घातला, आणि बाकीची बाही इस्त्रीच्या टेबलाखालून फिरून त्या दोघी बहिणींच्या पायांत गेली. त्यांनी ती दोन्हीकडून उचलून धरली, आणि धरताना एकमेकींशी बोलल्या. (वर धर, एवढंच. पण बोलल्या.) एकीच्या साडेवीसचे एक्केचाळीस झाले होते, ती लहान मुलासारखी हात झाडत उभी राहिली. सगळ्या हसायला लागल्या आणि खरं सांगते, मीही हसले. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत एवढा आवाज झाला होता.

वर आणखी एक. गळ्याच्या आतल्या पट्टीवर, जी मंडळात कधी आली तिची ती तारीख बारीक भरतकामात हवी होती. तारखाही त्या ड्रायव्हरनं स्वतःच्याच कसल्याशा पुडक्यात बांधून आणल्या होत्या. प्रोग्रॅमला पुडकं सोडता आलं नाही, तर त्यानं पुडक्यावर जे काय लिहिलं होतं तेच भरतकामाला पाठवलं. परकी अक्षरं, आकडे, कंस, गळ्याला दोन वेढे होतील एवढी लांब ओळ, सोनेरी दोऱ्यात. इस्त्रीच्या टेबलावरची म्हणाली, हे गाण्याचे सूर लिहिलेत का? बटण भिंतीला टेकून उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले.

मग गुदगुलीबाई. ती तुझी खास. टेप लागला की जिला हसू आवरत नाही आणि जी टेबलाभोवती पळते, म्हणून तू तिचं माप कधी घेतलंच नाहीस, नुसतं लांबून बघायचीस आणि कापणाऱ्याला तोंडी सांगायचीस. यंत्रात तिच्या नावापुढे बाही नि गळा रिकामा. आता रिकामं म्हणजे रिकामं असं आपण म्हणू, पण तो ड्रायव्हर रिकामंसुद्धा पुडकं बांधून आणतो, आणि आपल्या प्रोग्रॅमनं त्या पुडक्यात हात घालून शून्य काढलं. बाही शून्य, गळा शून्य. बाई झग्यात खालून शिरली आणि वर आलीच नाही. डोकं बाहेर काढायला भोकच नव्हतं, धाकटे. आतून तिचा आवाज येत होता, मी कुठून निघू? हात काढायलाही वाट नाही. निळ्या पोत्यासारखी उभी. तिला सोडवायला कात्री घेतली तर ती पाठीला लागून गुदगुल्या झाल्या आणि पोतं हसत हसत दुकानभर फिरायला लागलं.

इथवर गंमतच होती. मग मास्तरीणबाईंचा झगा निघाला. त्यांचा गळा मी स्वतः घेतलेला, सव्वाचौदा, दोनदा मोजून. झग्याचा गळा होता सत्तावन्न. डोक्यावरून घातला तो खांद्यांवर थांबलाच नाही, सरळ खाली गेला आणि त्यांच्या पावलांभोवती गोल पडून राहिला. त्या आपल्या नेहमीच्या कपड्यांत मध्ये उभ्या, काठी धरून. कुणी हसलं नाही. त्यांनी खाली बघितलं आणि हळूच विचारलं, "हे कुणाच्या मापाचं आहे?"

मी म्हटलं, "तुमच्याच."

दुसरं काय सांगणार? त्यांच्याच मापाचं होतं. पाव इंचही इकडे तिकडे नव्हतं त्यात. त्या एवढंच म्हणाल्या की असू दे, आम्ही आहोत त्या कपड्यांत गाऊ, आणि त्यांनी पाय उचलून त्या वर्तुळातून बाहेर टाकला, एक, मग काठी, मग दुसरा. तो पाय उचलताना मला दिसतो अजून. आपल्या हातून त्या बाईला शेवटच्या कार्यक्रमाला साधा एक झगा होऊ नये, याची हळहळ जात नाही. आणि बटण पडद्यामागे, जिथं गिऱ्हाइकं कपडे बदलतात तिथं जाऊन रडत होती. मी सगळ्यांना चहा दिला. चहा सगळ्यांनी घेतला. चहाचं माप कुठे चुकतंय?

बटणला बाहेर काढलं तर ती म्हणाली, मी हे काम सोडते, मला येत नाही. मी म्हटलं, आधी झालं काय ते सांग, मग सोड. तेव्हा तिनं समजावलं, आणि मला ते समजलं याचं तिला नवल वाटलं, मला नाही वाटलं. ऐक. आपल्या जुन्या यंत्रात पावणेतेवीस असं लिहिलेलंच नसतं. ते ठेवतं एक्याण्णव पाव. साडेवीस म्हणजे एक्केचाळीस अर्धे. तुझे वीस म्हणजे नुसते वीस पूर्ण. ड्रायव्हर काय करतो, हे दोन्ही तुकडे, किती आणि कसले, एकाच पुडक्यात बांधून देतो. त्याच्या गावची ती रीत. आपल्या प्रोग्रॅमला वाटलं आकडाच आलाय. त्यानं पुडक्यात हात घातला, पहिलं हाताला लागलं ते घेतलं, एक्याण्णव, आणि कसले ते विचारलंच नाही. बरं, बोंबललाही नाही. अडला असता, ओरडला असता तर कळलं असतं. निमूटपणे चुकीचं घेऊन पुढे गेला.

म्हणजे बघ हं. मी जेवढं बारीक मापलं, तेवढा कपडा अवाढव्य झाला. अर्ध्याचे दुप्पट, पावाचे चौपट. आणि तुझे ते अंदाजपंचे पूर्ण आकडे, ज्यांच्यावरून मी जन्मभर तुला बोलले, ते सगळेच्या सगळे चपखल बसले. ती ठेंगणी बाई आरशासमोरून हटत नव्हती. हे तुला सांगू नये असं मनात होतं, पण बाया सांगणारच, मग माझ्या तोंडून ऐकलेलं बरं. याचा अर्थ पाव इंचाला काही किंमत नाही असा मात्र होत नाही. पाव इंच म्हणजे पाव इंच. त्या कोटवाल्या गिऱ्हाइकाचंसुद्धा तू चौतीस म्हणाली होतीस ते सव्वाचौतीस निघालं होतं. मी तेव्हा तुला एक अक्षर बोलले नव्हते, फक्त त्याच्यासमोर टेप घेऊन परत मापलं होतं. तू तुझा टेप गळ्यातून काढून खुंटीला अडकवलास आणि आठवडाभरात लेकीकडे गेलीस, नातवंडं सांभाळायला म्हणून. टेप अजून त्याच खुंटीला आहे. मी तो हलवला नाही. धूळ झटकते.

पुढचं ऐक. मी बटणला सांगितलं, दारात कुणी झाकलेलं भांडं आणून दिलं तर आपण ते झाकणासकट चुलीवर ठेवतो का? उघडून बघतो, काय आहे ते विचारतो, आपल्या भांड्यात काढतो आणि त्यांचं भांडं त्यांना परत देतो. ती डोळे पुसून म्हणाली, हेच करायला हवं होतं. मग तिथेच कापायच्या टेबलावर बसून तिनं दारवान बसवला. म्हणजे ड्रायव्हरनं काहीही आणलं की आधी दारात थांबायचं. पाव-अर्ध्याचं पुडकं असेल तर सोडून, भागाकार करून साधा आकडा आत घ्यायचा. तारीख असेल तर साधी तारीख करून. रिकामं असेल तर रिकामंच राहू द्यायचं, त्याचं शून्य करायचं नाही. आणि ओळखीचं नसेल असं काही आलं तर अंदाज करायचा नाही, सगळं थांबवायचं आणि ओरडायचं. ओरडण्याची आवड माझी. तिनं नुसता लाल रंग ठेवला होता, मी म्हटलं आवाज पण पाहिजे. आता ते यंत्र कर्कश ओरडतं, शेजारचा चांभार धावत येतो.

पहिल्यांदा ओरडलं ते गुदगुलीबाईवर. नाव आहे, उंची आहे, बाही रिकामी, गळा रिकामा, कापायचं काय? बटण म्हणाली, आजी, हे कुठून आणायचं? मी म्हटलं, ते आपल्या कोठीत नाही.

मास्तरीणबाईंच्या घरी मी स्वतः गेले. तुझा पुतण्या म्हणाला होता, जाऊ नकोस, अजून शोभा कशाला. त्याला बाह्यांची गोष्ट कळलीच होती, कुलूपही त्यानं आणून ठेवलंय, नवं, फडताळात आहे. पण मी गेले. त्यांच्या खोलीत खुर्च्याच खुर्च्या आहेत, मंडळासाठी, आणि एकीवर त्या. मी म्हटलं, एक डाव अजून द्या, जुन्या मापांचा नाद नको, नव्यानं घेऊ. त्यांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. मग म्हणाल्या, "धाकट्या असतील का?" मी म्हटलं, असेल की, दोरे आणायला गेलीय. त्या हसल्या. म्हणाल्या, फार लांबचं दुकान दिसतंय दोऱ्याचं.

एवढंच. बाकी सगळं क्षेम. उंचबाईच्या बाह्यांचं कापड मी वाया जाऊ दिलं नाही, दोन उशांचे अभ्रे झाले आणि अजून उरलंय. तुला एक पाठवीन. गुडघ्याखाली घे.

तुझी थोरली

ता. क. एक सांगायचं राहिलं. मास्तरीणबाई नको म्हणत होत्या तरी मी त्याच दिवशी, त्यांच्या घरीच, त्यांचं आणि तिथं आलेल्या दोघी-तिघींचं माप घेतलं, आणि बटणनं ते नव्या प्रोग्रॅमला घातलं. दारवान अगदी गप्प, एकदाही ओरडला नाही. तिला वाटलं तोच बिघडला. मग तिनं आकडे बघितले आणि मला विचारलं, मोठी आजी, तुझी सगळी मापं पूर्ण कशी आली? एकही पाव नाही, अर्धा नाही? मी तिला सांगितलं, बाया वयानं गोळाबेरीज झाल्यात. तिला पटलं. तुला पटायचं नाही म्हणून खरं लिहिते. मला टेपवरचे आकडे दिसतात गं, आकड्यांच्या मधल्या रेघा दिसत नाहीत. सुईत दोरा बटण ओवते. तुझ्या पुतण्याला हे ठाऊक नाही, आणि कळलं तर फडताळातलं कुलूप त्याला शोधावं लागणार नाही. त्याला लिहू नकोस, सांगू नकोस, आणि फोनवर तर मुळीच नको, तो शेजारी बसून ऐकतो.

ता. क. दुसरं. तुझ्या लेकीला पोरं सांभाळायला आता कुणी लागत नाही हे मला तिनंच सांगितलंय, तेव्हा तो बहाणा चालणार नाही. गुडघ्यांसाठी पायऱ्यांवर कठडा बसवून घेतलाय. तू पूर्ण आकडा सांग, मी तुझ्यामागून टेप घेऊन येणार नाही. आले तरी मला काही दिसणार नाही. आणि गुदगुलीबाईला मी लांबून पुष्कळ बघितलं, मला तिच्यात माप दिसलं नाही, नुसती बाई दिसली. येताना वाटेत पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ घे, मोठं घे, म्हणजे मी इतके दिवस खोटं बोलत होते असं होणार नाही. बाया गुरुवारी मापं द्यायला येतो म्हणाल्यात.